पाणपोईवरचा मुकादम

“नीना, लाल दोरा दे. रेशमाचा. आणि पटकन दे, ऊन पडायच्या आत हवाय.”

मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. जानेवारीतली सकाळ, डोंगराकडून येणारा वारा असा बोचरा की कुलपाला हात लावला तरी चटका बसावा. समोर नोएमी उभी. नवऱ्याचं लोकरी जाकीट अंगात, केस पिंजारलेले, आणि एक हात जाकिटाच्या आत छातीशी धरलेला.

“हाताला काय झालं गं?”

“काही नाही झालं. दोरा दे आधी.”

“तव्यावर भाजलीस का?”

“नीना, तू दुकान चालवतेस का पोलीस चौकी?”

नोएमी माझी धर्माची लेक. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातांवर घेतलं होतं, म्हणून ती मला नीना म्हणते, आणि तिची आई दोमितिला आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. त्या भिंतीला कान आहेत आणि ते दोन्ही माझे आहेत, असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणू देत.

मी दोऱ्याचं रीळ काढून ठेवलं. नोएमीने इकडेतिकडे पाहिलं, जाकिटातून हात काढला आणि मूठ माझ्या गल्ल्यावर उघडली.

चुपारोसा होता. पुस्तकवाले त्याला हमिंगबर्ड म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवी, डोळ्यामागे पांढरा पट्टा, चोच लाल. डोळे मिटलेले, चोच वर केलेली आणि अंग लाकडासारखं कडक. मी त्याला ओळखलं. दोमितिलाच्या अंगणात रोज सगळ्यांच्या आधी येऊन बाकीच्यांना हुसकून लावणारा तोच हा. ती त्याला मुकादम म्हणायची.

“अगं, मारलास की काय त्याला?”

“ग्वादालुपे माउलीची शपथ, नाही! आईच्या पाखरांच्या पाणपोईच्या तारेला उलटा लटकला होता. हात लावला तर थंडगार. आपसूक मेला, नीना. मी फक्त सोडवून घेतला.” आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसला. “मला मारावा लागला नाही. बघ ना, देवानंच दिला.”

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेलेला चुपारोसा लाल दोऱ्याने गुंडाळायचा, त्यात सोडून गेलेल्या माणसाचं काहीतरी घालायचं, आणि जाणत्या बाईकडून त्यावर मंत्र घालून घ्यायचा. मग माणूस परत येतो. बाजारात वाळवलेले मिळतात, पण लपूनछपून. पोलीस धरतात, पाद्री वेदीवरून ओरडतो, आणि पाद्र्याच्या बहिणीच्याच पाकिटात एक असतो.

नोएमीचा गेलेला माणूस म्हणजे तिचा नवरा वारो. पुएब्ला शहरात गॅसच्या टाक्यांची गाडी चालवतो. टाक्या पोचवता पोचवता एका केस कापणाऱ्या बाईच्या घरी पोचला आणि तिथेच राहिला. नोएमी आईकडे आली ती मृतांच्या सणाआधी. “दोन दिवसांसाठी आलेय” म्हणाली होती. सणाची झेंडूची फुलं वाळली, नाताळचे दिवे लागले आणि उतरले, तरी तिची पेटी उघडली नाही. पेटीतले कपडे बाहेर काढले तर आपण कायमचे आलो असं होईल, अशी तिला भीती. फोन वाजला की उठायची. केस विंचरणं तर तिने सोडूनच दिलं होतं.

“पुएब्लाच्या बाजारातल्या त्या झाडपाल्याच्या बाईनं सांगितलंय,” ती घाईघाईने बोलत होती. “वाळलेल्यात दम नसतो. ताजा मिळाला तर ऊन लागायच्या आत गुंडाळ, उघड्या छातीशी धर आणि तसाच मला आणून दे. तो गार पडू द्यायचा नाही. माझ्या अंगाची ऊब त्याला आणि त्याची ओढ वारोला. पहिल्या बसनं जाते मी.”

“तुझ्या आईला माहितीय?”

तिने रीळ ओढून घेतलं, दात लावून दोरा तोडला.

आता दोमितिलाचं सांगते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं तीच म्हणते, म्हणून मला सांगावं लागतं. बस थांब्यावर तवा मांडून त्लाकोयो विकते. मक्याच्या जाड भाकरीत घेवड्याचं सारण, वर निवडुंगाची भाजी. लग्नाआधी हेच करायची, लग्नात हेच, नवरा साबास गेला त्या आठवड्यातही हेच. साबास गिरणीतून निवृत्त झाला आणि अंगणात खुर्ची टाकून बसला, तो तिथूनच देवाघरी गेला. पुढे त्याच खुर्चीजवळच्या साल्व्हियाच्या लाल फुलांवर चुपारोसा यायला लागले, तेव्हा गल्लीतल्या बायका डोळ्यांना शाल लावून म्हणाल्या, साबासचा आत्मा येतो गं. दोमितिला म्हणाली, “साबास? इतक्या सकाळी? आणि गोड प्यायला? तो असता तर पुल्केच्या, आंबलेल्या दारूच्या मडक्यावर आला असता.”

पण आल्या पाहुण्याला उपाशी धाडायचं नाही, ही तिची खोड. तिने सरबताच्या बाटल्यांना खाली लाल प्लास्टिकची फुलं चिकटवली, त्या तारेला उलट्या टांगल्या आणि चुपारोसांची पाणपोई उघडली. पाहुण्याला साखरपाणी काय द्यायचं, म्हणून आधी चांगला मध पाजला. डोंगरातला, महागाचा. वर थोडा लाल रंग, दिसायला बरा म्हणून. काही दिवसांनी पाखरं जीभ बाहेर टाकून फांदीवर बसायला लागली. जीभ सुजलेली, आत ओढता येईना. एक तिच्या डोळ्यांसमोर खाली पडलं. तेव्हा डोंगरावर पक्षी मोजायला विद्यापीठातली एक मुलगी आली होती. बसची वाट बघत त्लाकोयो खात होती. दोमितिलाने तिला हाताला धरून अंगणात नेलं. मध आंबतो आणि त्याची बुरशी जिभेला धरते, रंगाचा तर काहीच उपयोग नाही, हे त्या मुलीने सांगितलं. दोमितिला त्या दिवशी जेवली नाही. आपण प्रेमाने विष पाजलं, हे तिच्या मनाला लागलं.

तेव्हापासून एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. बाटल्या दोन-तीन दिवसांनी गरम पाण्याने घासायच्या. त्या मुलीने अजून पुष्कळ शिकवलं, आणि दोमितिला ते सगळं साखर घेताना माझ्या गल्ल्यावर कोपर टेकून मला ऐकवायची. मी हूं हूं करायचे आणि साखर तोलायचे. आठ पोरांचं घर चालवल्यासारखी साखर नेतेस, असं मी तिला चिडवायचे. तिचं चुपारोसा-पुराण लक्ष देऊन ऐकायला हवं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

नोएमीने आईकडे पाखरू मागितलं ते मागच्या रविवारी. मी भिंतीपलीकडे होते.

“एवढे ढिगानं येतात. एक दे.”

“ते माझे नाहीत गं द्यायला.”

“तुझे नाहीत? रोज त्यांच्यासाठी उठतेस, त्यांच्या बाटल्या धुतेस, थंडी पडली तर त्यांची काळजी करतेस. माझी पेटी पडलीय तिकडे कोपऱ्यात, तिच्याकडे बघतेस का? ते तुझे नाहीत तर मग मी कुणाची आहे?”

दोमितिलाला बोलता येत नाही. म्हणजे तोंड चालतं, पण वेळेला हवं ते येत नाही. भिंतीपलीकडून नुसता तवा घासल्याचा आवाज यायला लागला. त्यानंतर दोघी एका घरात राहून एकमेकींशी “मीठ दे” आणि “दार लाव” एवढंच बोलत होत्या.

म्हणून मी त्या सकाळी नोएमीला अडवलं नाही. बुडत्याला काडीचा आधार. ती काडी नाही, मेलेलं पाखरू आहे, हे मला कळत होतं. पण या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. ती हसावी असं मला वाटत होतं, बस्स. दोऱ्याचं टोक मीच धरलं. तिने पाखराच्या पंखांभोवती, छातीभोवती, एकेक वेढा नीट घातला. आत वारोच्या सदऱ्याचं बटण ठेवलं. गाठ मारली, पुन्हा एक मारली, आणि ती गुंडाळी झग्याच्या आत घालून वरून जाकिटाची चेन ओढली.

“बस यायला वेळ आहे. कॉफी घे. थरथरतेयस बघ.”

ती पिठाच्या पोत्यावर बसली. मी दालचिनी घातलेली कॉफी मोठ्या कपात दिली. ती दोन्ही हातांनी कप धरून प्यायली, आणि वारो आला की काय काय करायचं ते सांगायला लागली. भाड्याची खोली बदलायची. त्याला डुकराचं मांस हिरव्या चटणीत आवडतं, ते करायचं. भांडायचं नाही. त्या बाईचं नावसुद्धा काढायचं नाही. मी “हो हो” म्हणत शेंगांचे डबे मांडत होते.

आणि मग ती बोलता बोलता थांबली. कप खाली ठेवला.

“नीना.”

“काय?”

“हा हलतोय.”

“कोण हलतोय?”

“हा! इथं!” तिने छातीवर हात दाबला. “थरथरतोय. आतून. नीना, काळीज उडतंय त्याचं!”

माझ्या हातातला डबा पडला आणि शेंगा चहूकडे घरंगळल्या. मी छातीवर क्रूसाची खूण केली. आता खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं जे तिच्या मनात आलं. मंत्र घालायच्या आधीच तोडगा लागला.

“लागला गं!” मी म्हणाले. “अगं, इतक्या लवकर लागला!”

नोएमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ती हसत होती. “वारो जागा झाला असेल आत्ता. त्या बाईच्या घरात जागा झाला असेल आणि त्याला माझी आठवण आली असेल. हो ना? इतकी ओढ! नीना, हात लावून बघ, किती ओढ आहे!”

मी हात लावला. झग्याच्या वरूनही कळत होतं. फोन थरथरतो तशी बारीक, न थांबणारी थरथर.

तेवढ्यात दारात दोमितिला आली. एका हातात पिठाची बादली, दुसऱ्या हातात निवडुंगाची टोपली, थांब्यावर निघालेली.

“कोमाद्रे, आमची नोएमी इकडे...” म्हणता म्हणता तिने पोरीचे ओले गाल पाहिले, गल्ल्यावरचं लाल दोऱ्याचं रीळ पाहिलं. बादली खाली ठेवली. “मुकादम तारेवर नाही,” ती हळूच म्हणाली.

“मेला होता तो, आई. मी नाही मारला. मेलेलाच होता. पण आता बघ, हलतोय! तोडगा लागलाय!”

“मेला नव्हता गं.”

“थंडगार पडला होता. कडक झाला होता.”

“झोपला होता.” दोमितिला जवळ आली, पण तिने हात पुढे केला नाही. “फार थंडी पडली की ते असं करतात. रात्री आपण विस्तव राखेखाली झाकून ठेवतो ना, सकाळी फुंकायला उरावा म्हणून, तसं. एवढासा जीव, रात्रभर पेटता राहिला तर सकाळपर्यंत संपून जाईल. म्हणून सगळं आत ओढून घेतात. काळीज चालू असतं, पण इतकं हळू की हाताला लागत नाही. ऊन लागलं की उठतात. त्या विद्यापीठाच्या पोरीनं सांगितलं होतं.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मी तुला सांगितलं होतं, कोमाद्रे.”

सांगितलं असणार. मी तेव्हा साखर तोलत असणार.

नोएमी तशीच बसून राहिली. हात अजून छातीवर होता.

“म्हणजे हा वारो नाही,” ती म्हणाली.

“नाही, बाळा. मुकादम आहे. तुझी ऊब लागली त्याला.”

रस्त्याच्या वळणावर बसचा आवाज आला. नोएमीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता आणि तिथे जे होतं ते मला बघवत नव्हतं. ती तटकन उठली. मला वाटलं, निघाली ही.

दोमितिला बाजूला झाली. दार मोकळं केलं.

“ऐक,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटत होता. “दोरा घट्ट आहे. उठलाय म्हणजे त्याला लगेच खायला लागणार, रात्रीचा उपाशी आहे. नाही मिळालं तर पुएब्ला येईपर्यंत मरेल. तुला हातानं काही करायला लागणार नाही. त्या दिवशी मी म्हणाले, ते माझे नाहीत द्यायला. खरंच नाहीत. पण तू माझी आहेस. तू मेल्यासारखी पडलीयस तीन महिने, आणि मला काही सुचत नाही. यानं तुझं बरं होणार असेल, तर ने. मी अडवत नाही.”

एवढं बोलून ती वळली आणि साबणाच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली. जन्मात कधी एवढं बोलली नव्हती. पाठीवरची शाल हलत होती.

बस दुकानासमोर थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. “येणार का कुणी? का नुसत्या गप्पा?”

नोएमी दारापर्यंत गेली. छातीवरचा हात तिने काढला नव्हता. तिथे काय चाललं होतं ते तिलाच कळत होतं. बाहेर ड्रायव्हरने अजून एकदा हॉर्न दिला, वैतागला आणि गाडी पुढे काढली.

“नीना,” ती पाठमोरीच म्हणाली, “कात्री दे.”

दोरा मीच कापला. दोमितिलाने पाखरू धरलं आणि नोएमीने एकेक वेढा उचलून धरला. बटण घरंगळत पोत्यांमागे गेलं. कुणी उचललं नाही. दोरा सुटल्यावरही मुकादम नोएमीच्या तळहातावर तसाच बसला. पिसं फुगलेली, डोळे अर्धे उघडे, सगळं अंग थरथरत होतं.

“खायला हवं,” दोमितिला म्हणाली.

माझ्यामागेच फळीवर मध होता. मी बाटली उचलली.

“मध नको!” दोघी एकदम ओरडल्या.

दोमितिलाने पोरीकडे पाहिलं. नोएमीने मान खाली घातली. “रोज सांगतेस ना,” ती पुटपुटली. “ऐकते मी. एकाला चार.”

मी कोमट पाण्यात साखर ढवळली आणि सरबताच्या बाटलीच्या झाकणात ओतली. नोएमीने झाकण त्याच्या चोचीपुढे धरलं. आधी काहीच झालं नाही. तिने चोचीचं टोक हलकेच पाण्यात बुडवलं, तेव्हा केसाएवढी जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि मग तिचा वेग एवढा वाढला की दिसेचना. झाकण रिकामं होत गेलं. आम्ही तिघी बायका त्या अंगठ्याएवढ्या जिवावर ओणवून श्वास धरून उभ्या होतो.

मग भुर्रर्र झालं आणि तळहात रिकामा झाला. तो दुकानाच्या दिव्याभोवती एकदा फिरला, दाराबाहेर गेला, आणि भिंतीवर बसलेल्या दुसऱ्या एका बिचाऱ्या चुपारोसावर तुटून पडला.

“गेला कामावर,” मी म्हणाले.

नोएमी हसेल असं मला वाटलं होतं. ती रिकाम्या हाताकडे बघत होती. “मला खरंच वाटलं होतं, आई,” ती म्हणाली, “की मला कुणीतरी बोलावतंय.” आणि मग जे रडू तीन महिने आलं नव्हतं ते आलं. फोनची वाट बघताना माणूस मोकळं रडत नाही. आता ती पोत्यावर बसून लहान मुलासारखी मोठमोठ्याने रडली. दोमितिला जवळ आली, तिच्या मागे उभी राहिली, पिठाचा हात शालीला पुसला आणि बोटांनी तिचे केस विंचरायला लागली. गुंता निघता निघेना. शेवटी सगळे केस एका मुठीत धरून तिने गल्ल्यावरचा तो कापलेला लाल दोरा उचलला आणि वर घट्ट बांधून टाकले.

“चल,” ती म्हणाली. “तवा तापायला वेळ लागतो.”

नोएमीने बादली उचलली.

वारो आला नाही. त्या बाईला मुलगी झाली, हे पावसाळ्यात पुएब्लाहून येणाऱ्या कुणीतरी तव्यापाशी सांगितलं. नोएमीने ऐकलं आणि भाकरी उलटली. त्या संध्याकाळी पेटी मात्र उघडली. तिचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. कडी गंजली होती, बराच वेळ खटखट चालली होती.

परवा पुन्हा तशीच थंडी पडली. मी पहाटे राख टाकायला मागे गेले आणि भिंतीवरून डोकावले. तारेला एक पाखरू उलटं लटकलेलं, लाकडासारखं. त्याच्याखाली नोएमी उभी. एका हातात भरलेली बाटली, दुसऱ्या हातात झाडू, कारण माझं मांजर भिंतीवर होतं. शाल ओढून घेतलेली, नाक लाल झालेलं.

“एवढ्या गारठ्यात कुणाची वाट बघतेस गं?” मी विचारलं.

“उन्हाची, नीना,” तिने वर न बघता सांगितलं. “तुझं मांजर तेवढं आत घे.”

मी मांजर उचललं. ऊन अजून समोरच्या कौलांवरच होतं. अंगणात उतरायला त्याला वेळ होता, आणि ती तशीच उभी राहिली.